पेशी वाढल्यात का?

रिपोर्टचं पाकीट हातात पडलं की माणसं ते उघडत नाहीत, आधी आमच्या तोंडाकडे बघतात. मग विचारतात, "मॅडम, पेशी वाढल्यात का वो?" हो म्हटलं तर चेहरा पडतो. कमी झाल्यात म्हटलं तरी पडतो. सगळं ठीक आहे म्हणावं, तर "मग ताप कशानं येतोय?" मिरज हे दवाखान्यांचं गाव. जत, अथणी, चिकोडीकडची माणसं इथं औषधपाण्याला येतात आणि डॉक्टरांना विचारायला बिचकतात ते रक्त काढणाऱ्या बाईला विचारतात. रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नाही, म्हणून मी "सरांना दाखवा" म्हणून सुटका करून घेते.

पण प्रश्न डोक्यात राहतोच. पांढऱ्या पेशी वाढणं हा आजार, की आजाराला शरीरानं दिलेलं उत्तर? पुस्तकात याचं उत्तर सोपं आहे. काचपट्टीवर बघितलं की तितकं सोपं राहत नाही, आणि टीबीच्या बाबतीत तर अजिबात नाही.

आधी काचपट्टी. हल्ली मशीन पेशी मोजतं आणि मिनिटभरात आकडा देतं. मोठ्या माणसाच्या रक्तात एका घन मिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. आकडा फारच इकडेतिकडे असला की सर म्हणतात, "स्मिअर काढ." पट्टीच्या एका टोकाला रक्ताचा थेंब ठेवायचा, दुसऱ्या पट्टीची कड त्याला तिरकी टेकवायची, थेंब कडेनं पसरला की एका हातानं, न थांबता पुढं ओढायचं. हात थांबला की पट्टा पडतो आणि स्मिअर फुकट. मग लिशमनचा रंग, बफर, पाण्याची बारीक धार, वाळवणं, तेलाचा थेंब आणि १००ची लेन्स. गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच एखादी जांभळी न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, दिसते. तिचं केंद्रक तीन-चार तुकड्यांत विभागलेलं आणि ते तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेले. जोराचा जंतुसंसर्ग झालेल्या माणसाच्या रक्तात या पेशी खूप असतात, शिवाय त्यांत अर्धवट वयाच्या दिसतात. त्यांच्या केंद्रकाचे अजून तुकडे पडलेले नसतात, नुसतं वाकलेलं असतं. अस्थिमज्जेनं पूर्ण तयार व्हायच्या आधीच बाहेर धाडलेल्या या पेशी. आम्ही त्याला शिफ्ट टू लेफ्ट म्हणतो आणि असा स्मिअर दिसला की पाकिटाची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावतो.

निरोगी माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवते. रक्तात त्या काही तास फिरतात आणि काम पडो न पडो, फार तर काही दिवसांत मरतात. एवढी उधळपट्टी आपल्या अंगात रोज चालू असते आणि आपल्याला पत्ता नसतो. पत्ता लागतो तो गळू झाल्यावर. आमच्या आजीच्या भाषेत गळू आधी "धरतं", मग "पिकतं". तोवर पोटीस बांधायचं आणि पोरानं बोंबलायचं. तो पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिल. त्याच्यातली हिरवट झाक जंतूंची असते असं बऱ्याच जणांना वाटतं. ती बऱ्याचदा आपलीच असते. न्यूट्रोफिलमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरव्या रंगाचं एन्झाइम असतं आणि त्याच्या जोरावर ही पेशी हायपोक्लोरस आम्ल बनवते. ब्लीचिंगच्या पाण्यात जंतू मारण्याचं काम करतं तेच हे आम्ल. ते ओतलं की जंतू मरतात, आजूबाजूचं मांस भाजतं आणि ओतणारी पेशीही संपते. ठणका लागतो, गरम होतं, लाल होतं, सूज येते, ते सगळं आपल्याच बाजूचं कर्तृत्व.

शाळेच्या पुस्तकांत शिपाई, तटबंदी, खंदक असं काहीतरी असायचं. त्वचा म्हणजे तट, पांढऱ्या पेशी म्हणजे मावळे. आमच्या मुलाच्या प्रकल्पवहीतही तेच आहे, तलवारीसकट. मला ते चित्र पटत नाही, कारण त्यात लढाई गावाबाहेर होते. इथं ती घराच्या माजघरात होते, आणि भांडी आपलीच फुटतात.

दाराबाहेरची व्यवस्था तशी भक्कम आहे, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. बहुतेक जंतू कातडीच्या आत येतच नाहीत. पोटातल्या आम्लात पुष्कळ मरतात. श्वासनळीतला चिकट शेंबूड धूळ आणि जंतू धरतो आणि सूक्ष्म केस तो अखंड वर ढकलत राहतात, आपण नकळत तो गिळून टाकतो. अश्रूंत आणि शेंबडात जंतूंची भिंत विरघळवणारं लायसोझाइम असतं. ते शोधलं अलेक्झांडर फ्लेमिंगनं, पेनिसिलिनच्या काही वर्षं आधी, आणि तेही स्वतःला सर्दी झालेली असताना नाकातल्या शेंबडातून.

पेशी जंतूला गिळते ही गोष्ट माणसाला कळली ती १८८२ साली. इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेव्हा सिसिलीतल्या मेसिना गावी समुद्रकाठी राहत होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेलेली आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांमधल्या हलत्या पेशी बघत बसलेला. त्याच्या मनात आलं, याच पेशी बाहेरून आलेल्या वस्तूशी लढत असतील तर? बागेतल्या गुलाबाचे काटे काढून त्यानं त्या पिल्लांत टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्यांभोवती पेशी गोळा झालेल्या. या कामाला १९०८ साली नोबेल मिळालं, पॉल अर्लिखबरोबर विभागून. अर्लिखचं म्हणणं होतं की खरं काम रक्तातले द्रव पदार्थ करतात. दोघांचंही बरोबर निघालं, आणि बक्षीस अर्धं-अर्धं देणाऱ्या समितीचं मला कौतुक वाटतं. मेचनिकॉव्हच्या हाताखाली ओडेसात शिकलेला एक विद्यार्थी पुढं मुंबईत आला. त्याचं नाव वाल्देमार हाफकिन. १८९६ च्या प्लेगात त्यानं लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव त्याचंच.

पण १८८२ साल दुसऱ्याच गोष्टीसाठी जास्त लक्षात आहे. त्याच वर्षी २४ मार्चला रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला. गिळणारी पेशी आणि गिळली तरी न मरणारा जंतू, दोन्ही एकाच वर्षात माणसाला दिसले. तेव्हा हे एकमेकांना लागून आहे असं कुणाला वाटलं असेलसं नाही.

खोकल्यातून उडालेला टीबीचा जंतू फुप्फुसाच्या अगदी तळाच्या हवेच्या पिशवीपर्यंत पोचला की तिथली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी मोठी पेशी, त्याला गिळते. इथवर सगळं मेचनिकॉव्हच्या पुस्तकाप्रमाणे. पुढं पेशीच्या आत, गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो तिच्यात पाचक रस ओतला जायला हवा. हा जंतू ते ओतणंच अडवतो. त्याचं अंग मेणचट असतं. त्यामुळे थुंकीच्या तपासणीत कार्बॉल फ्युक्सिनचा लाल रंग एकदा बसला की आम्ल टाकूनही उतरत नाही, निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. एरवी आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला त्यासाठी वीसेक तास लागतात. घाई नाही. पेशीच्या पोटात बसून तो सावकाश वाढतो. ही बातमी लिम्फच्या गाठींपर्यंत पोचून तिथल्या टी पेशी, म्हणजे जंतूला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होऊन परत यायला काही आठवडे जातात.

मग शरीर जे करतं ते मी कितीही वेळा बघितलं तरी मला नवल वाटतं. मानेच्या गाठीची बायप्सी येते, जुन्या लोकांच्या भाषेत गंडमाळा. गाठ कापली की आत पिवळट-पांढरा भुसभुशीत लगदा. त्याची पट्टी आधी लहान लेन्सखाली लावायची. मधोमध काहीच आकार नसलेला गुलाबी भाग, म्हणजे मेलेलं मांस. त्याच्याभोवती लांबट झालेल्या, एकमेकींत बोटं अडकवून बसलेल्या मॅक्रोफेज. त्यांच्यात मधूनमधून अवाढव्य पेशी, अनेक पेशी एकत्र येऊन झालेल्या, ज्यांची दहा-वीस केंद्रकं कडेनं अर्धवर्तुळात लागलेली. आणि सगळ्यांत बाहेर लिम्फोसाइट या लहान पांढऱ्या पेशींचं निळं कडं. याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आतले जंतू बऱ्याचदा मेलेले नसतात. शरीरानं त्यांना मारायचा नाद सोडलेला असतो आणि नुसतं कोंडून ठेवलेलं असतं.

हे कोंडणं बहुतेकांना जन्मभर पुरतं. २०१९ ते २१ मध्ये देशभर झालेल्या पाहणीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत टीबीचा संसर्ग आढळला. म्हणजे लग्नाच्या पंगतीत तिघांत एक. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीचे भात-आमटी खाऊन हात धुऊन घरी जातात. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं क्षयरोग सॅनिटोरियम उभं राहिलं तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन आलं १९४० च्या दशकात. तिथं मोकळी हवा होती, दूध होतं, सक्तीची विश्रांती होती. तरी काही माणसं बरी होऊन घरी जायची, ती याच कोंडण्याच्या जोरावर. सगळी नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, वयाच्या २१ व्या वर्षी, याच रोगानं. जंतू सापडून तेव्हा पाच वर्षंही झालेली नव्हती. अमेरिकेतली वैद्यकाची पदवी हाताशी होती आणि औषध जगात कुठंच नव्हतं.

ग्रॅन्युलोमा हा शब्द ऐकून दगडी समाधीसारखं काही डोळ्यांसमोर येतं. तसं ते नाही हे जगाला २००१ मध्ये नीट कळलं. आमवातावर त्याच्या दोन-तीन वर्षं आधी एक नवं इंजेक्शन आलं होतं, इन्फ्लिक्सिमॅब. टीएनएफ नावाच्या एका रेणूला ते बांधून टाकतं. सांध्यांची सूज या रेणूमुळे भडकते, तो बांधला की सांधे निवतात. आणि मग ते इंजेक्शन घेणाऱ्यांना टीबी व्हायला लागला. २००१ च्या पहिल्या मोठ्या अहवालात असे ७० रुग्ण होते, बहुतेक अशा देशांतले जिथं टीबी विरळा. कितीतरी वर्षांपूर्वी कोंडलेला जंतू, आणि इंजेक्शननंतर काही आठवड्यांत बाहेर. मातीच्या भिंतीला दर वर्षी लिंपावं लागतं, एखादं साल चुकलं की पावसाळ्यात कोपरा ढासळतो. इथं लिंपण रोजचं आहे आणि टीएनएफशिवाय ते होत नाही. आता अशी इंजेक्शनं सुरू करायच्या आधी संधिवाताच्या रुग्णाला टीबीच्या तपासणीसाठी धाडतात. "माझे गुडघे दुखतायत आणि हे माझी छाती तपासतायत," असं आमच्याकडे एक मावशी कुरकुरत होत्या.

याच टीएनएफचं १९८० च्या दशकातलं दुसरं नाव होतं कॅकेक्टिन, म्हणजे माणूस खंगवणारा पदार्थ. टीबीच्या रुग्णाचं वजन उतरतं, संध्याकाळचा ताप येतो, रात्री घाम फुटतो, त्यात या रेणूचा आणि त्याच्या भाऊबंदांचा मोठा हात आहे. एक्स-रेत फुप्फुसाला पडलेली पोकळी दिसते तीसुद्धा जंतूनं कुरतडलेली नसते. ती आपल्या पेशींनी आपल्याच मांसाचा लगदा करून पाडलेली असते. याचा पुरावा उलट बाजूनं मिळतो. एचआयव्हीमुळे ज्यांच्या टी पेशी फार कमी झालेल्या असतात त्यांना टीबी जास्त सहज होतो, जास्त पसरतो, पण फुप्फुसात पोकळ्या कमी पडतात. पोकळी पाडायलासुद्धा प्रतिकारशक्ती लागते.

आणि पोकळी पडली की जंतूचं फावतं. तिथं हवा भरपूर, जंतू प्रचंड वाढतात, खोकल्यासरशी बाहेर पडतात, पुढच्या माणसाच्या छातीत जातात. २०१० मध्ये जगभरातल्या टीबीच्या जंतूंची जनुकं तपासली तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. ज्या तुकड्यांवरून आपल्या पेशी जंतूला ओळखतात ते तुकडे बाकीचे कितीतरी जंतू सतत बदलत राहतात, ओळख लागू नये म्हणून. टीबीचा जंतू मात्र नेमके तेच तुकडे जपून ठेवतो. म्हणजे त्याला ओळखलं जाणं बहुधा चालतं, कदाचित हवंच असतं. आपण चिडलो नाही तर त्याचा प्रवास पुढं होणार कसा? हे वाचल्यापासून मला शिपाई आणि तटबंदीचं चित्र आणखीच नकोसं झालंय.

डॉक्टर लोकांना हे व्यवहारात पक्कं ठाऊक असतं. मेंदूच्या आवरणाचा टीबी झाला की जंतू मारणाऱ्या गोळ्यांबरोबर स्टेरॉइड देतात. चालू जंतुसंसर्गात शरीराला शांत करणारं औषध! कवटीत सुजायला जागा नसते, तिथं आपला आवेशच आपला जीव घेतो. मानेच्या गाठीवाल्यांचं तर नेहमीचं आहे. औषध सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की काहींची गाठ कमी व्हायच्या ऐवजी वाढते, नवी येते, फुटतेसुद्धा. घाबरून येतात, औषध बंद करावं म्हणतात. पुष्कळदा त्या गाठीतून काढलेल्या पाण्यात जिवंत जंतू सापडत नाहीत. मरणाऱ्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर तुटून पडलेलं असतं.

म्हणून "इम्युनिटी बूस्टर" हा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. २०२० साली आमच्या गल्लीत काढ्याचा वास यायचा नाही असं घर नव्हतं. आल्या-सुंठीच्या काढ्याशी माझं भांडण नाही, घसा शेकतो. पण नेमकं काय वाढवायचंय? न्यूट्रोफिल? त्या वाढल्या तर तुम्हीच रिपोर्ट घेऊन धावत येता. टीएनएफ? त्यानं सांधे जातात. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत कळलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडनं एक तृतीयांशानं घटतात. प्रतिकार दाबून. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा काही फायदा नव्हता. पुढच्या वर्षी आपल्याकडे तेच औषध वारेमाप दिलं-घेतलं गेलं, त्यात साखर वाढलेली, आणि काळ्या बुरशीनं माणसांचे डोळे गेले. दाबायचंही प्रमाण असतं. २०२१ मध्येच मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, त्यातल्या काहींचं शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं दिसत होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली. वाद मिटेल तेव्हा मिटेल. पण फुकट मिळतं म्हणून कुंपणावरची वेल उकळून पिणाऱ्यांनी आपल्याला आधी थायरॉइड, आमवात असलं काही आहे का एवढं बघायला काय हरकत आहे?

कोंडलेल्या जंतूची चाहूल घ्यायची जुनी रीत म्हणजे मॉन्टू. पुढच्या हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या थरातच ट्युबरक्युलिनचा, म्हणजे टीबीच्या जंतूपासून काढलेल्या प्रथिनांचा, थेंब टोचायचा. पांढरट फुगवटा उठला तर टोचणं बरोबर. भोवती पेनानं गोल काढायचा, "खाजवू नका, साबण घासू नका" सांगायचं आणि ४८ ते ७२ तासांनी बोलवायचं. लाली किती पसरली याला महत्त्व नाही, कातडी किती टणक झाली ते मोजायचं. बॉलपेन बाजूनं हळूहळू आत ओढत आणायचं, जिथं अडतं तिथं रेघ. दुसऱ्या बाजूनं तसंच. दोन रेघांमधलं अंतर पट्टीनं, हाताच्या आडव्या दिशेत. दहा मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर बहुधा पॉझिटिव्ह. म्हणजे या शरीराची त्या जंतूशी ओळख आहे. जंतू अजून आत आहे का, जिवंत आहे का, कधी उठणार आहे का, यातलं काहीच ती टणक जागा सांगत नाही. लहानपणीच्या बीसीजीनंही कधीकधी थोडी टणक होते.

परवा एका शेतकऱ्याच्या मुलाची अशी टेस्ट वाचली. घरात आजोबांना टीबी निघालेला, म्हणून सगळ्यांची तपासणी. पोरगा ठणठणीत, छातीचा एक्स-रे स्वच्छ, हातावर टणक जागा चांगली मोठी. डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या लिहून दिल्या. बाप चिठ्ठी घेऊन माझ्याकडे.

"त्याला टीबी हाय का?"

"नाही."

"मग गोळ्या कशाला? त्याच्या अंगानं दाबलंय नव्हं त्याला?"

"दाबलंय."

"मग कशाला डिवचायचं?"

बापाचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. शंभरातल्या नव्वदांच्या बाबतीत तो बरोबर ठरला असता. उरलेल्यांत हा पोरगा आहे का ते सांगणारी तपासणी आज माझ्या प्रयोगशाळेत नाही, आणि घरात रुग्ण असेल तर पहिल्या दोन वर्षांत धोका सगळ्यांत जास्त. एवढं मी सांगितलं आणि नेहमीप्रमाणे "सरांशी बोला" म्हटलं. सरांनी वीस मिनिटं घालवली. गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. पहिल्याच डोसनंतर दुसऱ्या दिवशी बापाचा फोन, पोराची लघवी शेंदरी झालीय, रक्त जातंय काय? त्या औषधानं तसा रंग येतो, घाबरायचं काही नसतं. एवढं वाक्य चिठ्ठीवर लिहायला कुणाचं काय जातं, मला कळत नाही.